लिनक्सची नवी आवृत्ती आली की मी काहीच करत नाही

रामबागकर (इंदूर)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इंदुरात माझ्यासारख्यांचा भाव वधारलाय. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, जिकडे जिकडे आपली माणसं आहेत तिकडून जुने लॅपटॉप पिशव्यांतून येतायत. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा हवा, म्हणजे ही मंडळी दारातच अडतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत खरे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते हे निम्म्या लोकांच्या गावीही नाही. मग विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीसाठी निरोप येतो, 'तुझं ते लिनक्स टाकून दे रे.'

टाकून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. पण या निमित्ताने माझी काही मतं चांगलीच घट्ट झालीत, ती इथे मांडतो. भांडायला सगळे मोकळे आहेत.

कुठला डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार, भारी, या विषयावर तरुणपणी रात्री जाळल्या. आता एवढंच बघतो की हे यंत्र परत माझ्या टेबलावर कधी येणार. जितकं उशिरा येईल तितका तो डिस्ट्रो भला. बाकी डॉक खाली हवा की डावीकडे, खिडकीचे कोपरे गोल की चौकोनी, हे ज्याचं त्याने बघावं.

या हिशेबात मिंट नावाचा डिस्ट्रो बसतो. मिंट २२ ची अख्खी मालिका, म्हणजे २२, २२.१, २२.२, २२.३, उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीच्या पायावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. मधल्या आवृत्त्यांवर जायचं तर अपडेट मॅनेजरमधूनच जाता येतं, आणि नाही गेलात तरी काही बिघडत नाही. रॅम ४ जीबी असेल तर मिंटचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, ८ असेल तर सिनॅमन हा मुख्य. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, ही अट मात्र मी सोडत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही दुकानात बसवून देतात. एसएसडी नसेल तर जगातला कुठलाही डिस्ट्रो त्या लॅपटॉपला हलवू शकत नाही, आणि नावं मात्र लिनक्सला पडतात.

उबुंटूचं वेळापत्रक बहुतेकांना ठाऊक असतं, तरी सांगतो. दर एप्रिल आणि ऑक्टोबरला नवी आवृत्ती. सम वर्षाच्या एप्रिलमधली ती एलटीएस, म्हणजे लांब पल्ल्याची, तिला पाच वर्षं अपडेट. बाकीच्यांना नऊ महिने. नऊ महिन्यांत आमच्या शेजारच्या काकूंचा पासवर्डसुद्धा तोंडपाठ होत नाही! आणि तरीही दर ऑक्टोबरला यूट्यूबवर नव्या आवृत्तीच्या आरत्या सुरू होतात, त्या बघून कुणाचा तरी भाचा पुण्याहून येतो, दिवाळीच्या सुट्टीत ती चढवून जातो, आणि पुढच्या आषाढात काकू माझ्याकडे येतात.

उबुंटूची २५.१०, म्हणजे ऑक्टोबर २०२५ ची आवृत्तीच घ्या. त्यात रोजच्या वापरातल्या मूळ कमांड रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या दिल्या. कल्पना उत्तम, मला त्याबद्दल आदर आहे. पण त्यातल्या तारीख दाखवणाऱ्या कमांडमध्ये चूक राहिली आणि आपोआप अपडेट तपासण्याचं कामच बंद पडलं. म्हणजे दुरुस्ती पोचवणारा रस्ताच खचला. सुरुवातीला फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतले प्रोग्रामही बसेनात, ते वेगळंच. दोन्ही गोष्टी लवकर निस्तरल्या, कबूल. ज्याला बगची तक्रार कुठे नोंदवायची ते कळतं त्याच्यासाठी हे ठीक आहे. पेन्शनची स्लिप छापायला बसलेल्या माणसासाठी नाही.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवत असेल. फाइली दाबून लहान करणाऱ्या त्या छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीत कुणीतरी फार धीराने चोरदरवाजा घुसवला होता. तो पोचला कुठे? डेबियन या डिस्ट्रोच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत, फेडोरा या डिस्ट्रोच्या रॉहाइड या चाचणी शाखेत, म्हणजे सगळ्यात ताजं जिथे मिळतं तिथे. डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएसवाल्यांना त्याची झळ लागली नाही, कारण त्यांच्याकडे ती आवृत्ती पोचलीच नव्हती. शिळं खाण्याचा असाही फायदा असतो.

आता वापराबद्दल. इन्स्टॉल करणं ही अडचण राहिलेली नाही, वीस मिनिटांचं काम आहे. खरी अडचण दोन जागी येते, मराठी टायपिंग आणि प्रिंटर.

टायपिंगचं आधी. आमच्या मंडळाच्या वाचनालयात एक काका सूचनाफलकाचे कागद तयार करतात. आयुष्यभर कृतिदेव या जुन्या फॉंटमध्ये. मध्य प्रदेशात सरकारी टायपिंग त्यावरच चालत आलं, त्यामुळे मराठी माणसाचा हातही त्यावरच बसलेला. त्यांची जुनी फाइल मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर 'मराठी'च्या जागी ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. लिनक्सने फाइल खाल्ली म्हणून काका हवालदिल. खाल्ली नव्हती. कृतिदेवमध्ये फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉंट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा घालतो. फॉंटची फाइल आणून टाकली की सगळं पूर्ववत दिसतं. पण शोधायला गेलात तर सापडत नाही, व्हॉट्सॅपवर पाठवलंत तर पलीकडे कचरा. म्हणून जुन्या फाइलींपुरता कृतिदेव ठेवला आणि नवं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर देवनागरीच राहणाऱ्या अक्षरांत, आणि इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने.

इनस्क्रिप्टला काकांनी आठवडाभर शिव्या घातल्या. मग एकदा मी 'दुसऱ्या' लिहून दाखवलं. शिफ्ट दाबून जे, की नुक्त्याचा ऱ येतो. मग डी म्हणजे हलंत. मग य आणि काना. नीट अर्धचंद्री रफार, 'दुसर्या' असलं काही नाही. तेव्हापासून गप्प आहेत. आणखी एक गंमत म्हणजे मजकुराची भाषा मराठी ठेवली तर लोहितसारखे काही फॉंट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. हिंदी ठेवली तर हिंदी वळणाचे. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं, माझ्या कधीच आलं नव्हतं.

प्रिंटरचं लिहायला बसलो तर रात्र सरेल. घराघरांत दिसणारा तो जुना छोटा लेझर प्रिंटर आहे ना, बंद केला की स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, विसरतो. दर वेळी सुरू केला की संगणकाने ते त्याला पुन्हा भरवायचं. विंडोजवर ड्रायव्हर हे गुपचूप करतो, इथे वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. ते एकदा बसवलं की चालतो, पण मिंटची मोठी आवृत्ती बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नवा प्रिंटर घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं, डब्यावर एअरप्रिंट लिहिलेलं बघा. ते असेल तर लिनक्स त्याच्याशी सहसा ड्रायव्हरशिवाय बोलतं. दुकानदार म्हणेल ते आयफोनवाल्यांसाठी असतं. म्हणू द्या.

मांडवीकर (बडोदा)

काका, लेख आवडला पण मी सहमत नाही :)

तुमचा सगळा हिशेब जुन्या लॅपटॉपवर आधारलेला आहे. मी इंजिनियरिंगला आहे, नवा लॅपटॉप घेतला तेव्हा मिंट २२ टाकून बघितलं होतं. वायफाय नाही, टचपॅडची दोन बोटं नाहीत, झाकण लावलं की लॅपटॉप झोपायच्या ऐवजी पिशवीत तापत बसायचा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.८ होतं, माझी वायफायची चिप त्याच्यापेक्षा नवी. फेडोरा टाकला, सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत. फेडोरा दर सहा महिन्यांनी येतं, प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, म्हणजे एक गाळून पुढच्यावर गेलं तरी चालतं. नवं म्हणजे नेहमी उतावीळपणा असं नसतं, कधी कधी माझ्या यंत्राला जुनं कर्नल ओळखतच नाही.

आणि केडीईचं प्लाझ्मा ६, सिनॅमनसारखाच एक डेस्कटॉप, वापरून बघा हो एकदा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं तेव्हा मलाही धाकधूक होती, कारण २००८ च्या केडीई ४ च्या घोळाच्या कहाण्या सिनियर लोक अजून सांगतात. पण हे खरंच नीट उतरलंय. दोन मॉनिटर, दोन्हींवर वेगळं स्केलिंग, वेलँड या स्क्रीनवर चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीवर व्यवस्थित चालतं. सिनॅमनमध्ये करून दाखवा.

रामबागकर

मांडवीकर, तुमच्या लॅपटॉपसाठी तुमचं बरोबर आहे. नव्या यंत्राला नवं कर्नल, यात वादच नाही. फक्त मिंट २२.२ मध्ये कर्नल ६.१४ येतं, तेव्हा आज तोच लॅपटॉप असता तर कदाचित पळापळ वाचली असती. तरी एवढ्यासाठी फेडोरा सोडा असं मी म्हणणार नाही.

वेलँडचं मात्र माझं वेगळं दुखणं आहे. मी अर्ध्या लोकांना घरबसल्या, दुरून स्क्रीनवर मदत करतो. वेलँडवर दुसऱ्याने स्क्रीन बघायची तर तिकडच्या माणसाने खिडकी उघडून परवानगी द्यायची. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य. पण पलीकडे ऐंशीच्या आजी असतील तर ती परवानगीची खिडकी कुठे आहे हे फोनवर समजावण्यात अर्धा तास जातो. उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ या दोन्हींनी ग्नोम या डेस्कटॉपमधलं एक्स११, म्हणजे वेलँडच्या आधीच्या पद्धतीचं, सत्र काढूनच टाकलं. सिनॅमन अजून मुळात एक्स११ वर चालतं, वेलँड तिथे प्रयोगापुरतं. म्हणून आजी सिनॅमनवर. दोन मॉनिटरचं स्केलिंग त्यांना लागत नाही.

लष्कर_टंकलेखन (ग्वाल्हेर)

नमस्कार. मी टायपिंग शिकवतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

आमच्याकडची मुलं सीपीसीटी या संगणक-टायपिंग परीक्षेसाठी येतात. मध्य प्रदेशात सरकारी क्लार्कच्या जागांसाठी ते प्रमाणपत्र लागतं. हिंदी टायपिंग तिथे रेमिंग्टन गेल ही जुन्या टाइपरायटरची मांडणी किंवा इनस्क्रिप्ट, दोन्हींपैकी एकावर देता येतं. ज्यांचे हात कृतिदेववर बसलेत ते साहजिकच रेमिंग्टन घेतात. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकली की रेमिंग्टन मिळतं, पण सरावाला मी ते देत नाही. परीक्षा विंडोजवर असते, आणि एखाद्या जोडाक्षराची जागा जरी इकडची तिकडे वाटली तरी मुलाची लय तुटते. सरावाची यंत्रं विंडोजचीच ठेवलीत.

नवीन मुलाला मात्र सरळ इनस्क्रिप्ट. १९९१ च्या भारतीय मानकात ते आहे, विंडोज, लिनक्स, फोन, सगळीकडे कळा त्याच. रामबागकरांच्या काकांना आठवडा लागला म्हणता, म्हणजे त्यांचा हात चांगला आहे. आमच्याकडे रेमिंग्टनवरून आलेल्यांना जास्त लागतो.

गमभन वापरणारे आहेत का कुणी इथे? एम१७एन मध्ये तेही आहे. मराठी संकेतस्थळांवर रोमनमधून मराठी लिहायची सवय लागलेल्यांना नव्याने काही शिकावं लागत नाही.

सीएच्या_हाताखाली (इंदूर)

सगळं ठीक आहे, पण आमच्या धंद्यात काय? टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. डिजिटल सहीचं डोंगल म्हणजे ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. आमच्या ऑफिसात एका उत्साही मुलाने एका यंत्रावर लिनक्स घातलं होतं, मार्चअखेरीला सही उमटेना. पार्टी समोर बसलेली. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी विंडोजवाला बोलावला. लिनक्सवाल्यांनी हे आधी सांगावं ना.

रामबागकर

आधीच सांगतो. माझ्याकडे कुणी आलं की पहिले दोन प्रश्न हेच असतात: टॅली आहे का, आणि डिजिटल सहीचं डोंगल लावता का. हो म्हणाले की चहा पाजून परत पाठवतो. वाइन या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून टॅली चालवणारे बहाद्दर आहेत, पण दुसऱ्याच्या हिशेबाशी मी खेळत नाही. ज्यांचं काम ब्राउझर, व्हॉट्सॅप वेब, बँकेचं संकेतस्थळ, लिब्रेऑफिस आणि नातवंडांचे फोटो एवढ्यात भागतं त्यांच्याबद्दलच मी बोलतोय. असे लोक पुष्कळ आहेत. ऑफिसांनी त्या नादाला लागू नये.

छप्पन_दुकान

भिया, एवढ्या उठाठेवी करण्यापेक्षा सेकंडहँड आठव्या पिढीचा लॅपटॉप घ्यावा ना. विंडोज ११ राजरोस चालतं.

मांडवीकर (बडोदा)

@छप्पन_दुकान, आणि चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात घालायचा? माझ्या आजोबांचा २०१५ चा आहे, की-बोर्ड माझ्यापेक्षा भारी.

जुना_खिडकीवाला (इंदूर)

इथे लिनक्सच्या भाषांची चर्चा चाललीय आणि रतलामचे रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी, यांचं नाव कुणीच घेतलं नाही? नोकरी वीज मंडळात इंजिनियरची, आणि ग्नोम, केडीईच्या हिंदी अनुवादाचा डोंगर उपसला या माळव्यातल्या माणसाने. त्या काळी लिनक्सवर देवनागरी नीट दिसणं हीच बातमी होती, वेलांटी कुठेतरी वेगळीच लटकत असायची. उबुंटूच्या फुकट सीडी टपालाने यायच्या ते दिवस. मागवली की कुठूनशी परदेशातून पाकीट यायचं, पोस्टमन विचारायचा काय मागवलंत म्हणून. २०११ मध्ये बंद केलं त्यांनी ते.

रामबागकर, एक विचारायचं राहिलं. तुम्ही लोकांना मेनू मराठीत ठेवून देता का इंग्रजीत?

रामबागकर

रवि रतलामींचं नाव घेतलंत ते फार बरं केलंत, ते मूळ धाग्यातच यायला हवं होतं.

मेनू इंग्रजीत. मराठीची हौस मलाही आहे, पण मराठी अनुवाद सगळीकडे सारखा पुरा झालेला नाही. एका खिडकीत तीन बटणं मराठी आणि चौथं इंग्रजी अशी स्थिती येते. त्यातून मुलगा असतो बंगळुरूला. फोनवर तो 'सेटिंग्जमध्ये जा' म्हणतो आणि इकडे आई 'तसं काही नाहीये रे' म्हणते. दोघांना एकच शब्द दिसत असले म्हणजे भांडण कमी होतं. टायपिंग, फॉंट, स्पेलचेक मात्र मराठी पाहिजेच.

फेडोरा_नाही_आर्च

रोलिंग, म्हणजे सतत थोडा थोडा अपडेट होणारा डिस्ट्रो, वापरा, आवृत्त्यांची कटकटच नाही. मी आर्चवर आहे, आवृत्ती म्हणजे काय ते विसरलो.

रामबागकर

तुम्ही विसरलात, कारण रोजच तुमच्याकडे नवी येते. गमतीत घ्या. आर्चची विकी मीही वाचतो, तिच्याइतकं नेमकं लिहिलेलं दुसरीकडे मिळत नाही. पण महिनाभर लॅपटॉप न उघडणाऱ्या माणसाला रोलिंग देणं मला पटत नाही. मुलाकडे अमेरिकेला जाऊन सहा महिन्यांनी परतलेले काका अपडेटचं बटण दाबणार आणि पॅकेज तपासणाऱ्या डिजिटल किल्ल्यांपासून पॅकेजांपर्यंत सगळं एकदम बदलणार. डेबियन १३ दिलं तर ते परत आल्यावरही तसंच असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, फर्मवेअर आता इन्स्टॉलरमध्येच असतं, पूर्वीसारखं पेनड्राइव्हवरून शोधून घालावं लागत नाही. फक्त ज्यांच्याकडे अगदीच जुना ३२ बिटवाला आहे त्यांच्यासाठी १३ मध्ये इन्स्टॉलर नाही, त्यांनी १२ वरच थांबावं.

लष्कर_टंकलेखन (ग्वाल्हेर)

उबुंटू २४.०४ असलेल्यांनी एप्रिल २०२६ मध्ये २६.०४ आल्या आल्या घ्यावं का? आमच्याकडे चार यंत्रं आहेत त्यावर, ऑफिसकामाची.

रामबागकर

बसून राहा. एलटीएसवरून एलटीएसवर जायचा निरोप उबुंटू स्वतःच पहिली दुरुस्ती-आवृत्ती येईपर्यंत देत नाही, म्हणजे साधारण ऑगस्ट. त्यानंतरही घाई नाही, २४.०४ ला २०२९ पर्यंत साधे अपडेट आहेत. त्यापुढे उबुंटू प्रोची नोंदणी केली तर एकूण दहा वर्षं होतात, घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. तुमची चार जर क्लासच्या धंद्यात असतील तर त्यांच्या अटी एकदा वाचून घ्या.

नवशिका_लोकमान्य_नगर

काका, मी तुमच्या गल्लीच्या मागेच राहतो, पण रविवारी स्वतःच करून बघणार आहे. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचंय. काही खबरदारी? आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं असं वाचलं, ते लावलं की आईचे फोटो सुरक्षित ना?

रामबागकर

विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते आधी बघ. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे, मोबाइलमध्ये फोटो काढून भागवू नकोस. डिस्कवरचं विंडोजचं विभाजन लहान करायचं ते विंडोजमधूनच कर, मिंटच्या इन्स्टॉलरकडून नको. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू दे, आपल्याकडे रविवारी दुपारीच वीज जाते.

आणि फोटो नाहीत सुरक्षित. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइलींचे स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे एखादा अपडेट बिघडला तर मागे जाता येतं. होम फोल्डर ते वेगळं सांगितल्याशिवाय घेत नाही, आणि आईचे फोटो तिथेच असणार. स्नॅपशॉटसाठी नेहमीचा विंडोजवाला पेनड्राइव्ह चालत नाही, लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क लागते. फोटोंसाठी त्यापेक्षा वेगळी बाहेरची डिस्क ठेव आणि इन्स्टॉलच्या आधी, विंडोजमध्ये असतानाच सगळं तिच्यावर उतरव. डिस्क नसेल तर शनिवारी संध्याकाळी ये, माझी घेऊन जा.